आमच्या दोघींच्या मधला चौकोन

अन्याय माझ्या मोठ्या बहिणीवर झाला, आणि तिच्या तीन दिवसांच्या मुलावर. वार बुधवार. वेळ सकाळी साडेदहा ते पावणेअकरा. जागा जालन्यातल्या एका दवाखान्याचा बाळंतिणींचा वॉर्ड, खिडकीपासून दुसरी खाट. अन्याय करणाऱ्या दोघी होत्या. एक माझी आई. दुसरी मी.

पत्रक असंच सुरू करायचं, हे मला आमच्या गटातल्या एका जुन्या कार्यकर्त्या बाईंनी शिकवलं. पहिल्या ओळीत कोणावर अन्याय झाला आणि नेमका कधी, ते लिहायचं. शेवटच्या ओळीत वाचणाऱ्याने काय करायचं, ते. मधे रडगाणं नको. चार वर्षं मी अशी पत्रकं लिहिली आणि तीर्थपुरीच्या बाजारात, बसथांब्यावर, शाळेच्या फाटकाशी उभी राहून वाटली. दर वेळी अन्याय करणारा दुसराच कुणीतरी असायचा. यावेळी मधे थोडं रडगाणं येईल. त्याला माझा इलाज नाही.

बहिणीला मी अक्का म्हणते. माझ्याहून सात वर्षांनी मोठी. लहानपणी मी आईला विचारायचे, माय, आमच्या दोघींत एवढं अंतर का? ती चुलीकडे तोंड करून म्हणायची, "राह्यलंच न्हाई पोटात." मला ते पुरायचं. पुढे मी गावभर लोकांना सांगत फिरले की मिळालेल्या पहिल्या उत्तरावर थांबू नका. घरात मात्र थांबले.

अक्का लग्न होऊन जालन्यात गेली. दाजी रोलिंग मिलमध्ये कामाला. तिने पुढच्या खोलीत शिलाई मशीन टाकलं आणि ब्लाऊज शिवायला लागली. माझी उरलेली पत्रकं ती मागून न्यायची. ब्लाऊजचं माप काढायला तिला कागद लागायचा. एकदा मी गेले तर माझं दारूबंदीचं पत्रक अर्धगोल कापून भिंतीला टांगलेलं.

"हे काय गं?"

"तुही क्रांती," ती म्हणाली. "बाहीला बराबर बसती."

अशी होती. होती म्हणजे अजून आहे, पण अशी नाही.

तिचा पहिला मुलगा सात महिन्यांचा होऊन गेला. निमोनिया, असं कागदावर लिहिलं होतं. त्याआधी तोंडात पांढरे चट्टे यायचे, हगवण लागायची, वजन वाढायचं नाही. तिच्या सासूने शेजारणींना सांगितलं, हिच्या दुधातच दम न्हाई. मी तेव्हा चिडून तिच्या सासूशी भांडायला गेले होते. दूध, पाणी, घाण, गरिबी, दवाखान्याची हेळसांड, या सगळ्यांवर मी बोलले. सगळं खरंही असेल. पण पोर त्याने गेलं नव्हतं.

तीन वर्षांनी दुसरा मुलगा झाला. म्हणून तो बुधवार.

घरी सोडायच्या आधी डॉक्टर मॅडम प्रत्येक खाटेशी येऊन माहिती घेत होत्या. माझ्याहून फार तर दोन-तीन वर्षांनी मोठ्या असतील. हातात फॉर्म. मी म्हटलं, द्या, मी भरते. फॉर्म भरणं माझं कामच आहे, निराधारांचे, विधवांचे, रेशनचे, शेकड्याने भरलेत. अक्का बाळाला घेऊन पडली होती. उशाशी तिची सासू, पायथ्याशी आमची माय.

मॅडमनी पहिल्या मुलाचं विचारलं. किती महिन्यांचा गेला, आधी काय काय झालं. अक्काने सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "माहेरच्या बाजूला कुणाची लेकरं लहानपणी गेलीत का? आईला भाऊ होता का एखादा? आईच्या आईचे मुलगे? मुलगे विशेष करून."

मायने आधी बाळाकडे बघितलं. मग अक्काच्या सासूकडे. मग म्हणाली, "न्हाई. आमच्यात असलं कायबी न्हाई."

"नीट आठवून सांगा, आजी. मुलगे..."

आणि मी बोलले. कुणी विचारलं नव्हतं तरी बोलले.

"मॅडम, माहेरच्याच बाजूचं का विचारताय? दर वेळी बाईच्याच माहेराला का धरायचं? बाप काय आभाळातून पडला का? सासरकडचं बी विचारा की."

पलीकडच्या खाटेवरची बाई खुदकन हसली. कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, "बराबर बोलली पोरगी."

"त्याला कारण आहे," मॅडम म्हणाल्या.

"कारण आम्हाला चांगलं माहितीये," मी म्हटलं.

सगळा वॉर्ड हसला. अक्काही हसली, पोटावर हात धरून. "अगं हसवू नको, टाके तुटतीन!" मॅडमचा चेहरा लाल झाला. अजून अकरा खाटा राहिल्या होत्या. त्या म्हणाल्या, "ठीक आहे. 'नाही' असं लिहा."

मी लिहिलं. नाही. माझं अक्षर चांगलं आहे, सगळे म्हणतात.

थोड्या वेळाने नर्सबाई आल्या आणि बाळाच्या डाव्या दंडावर क्षयाची लस टोचून गेल्या. बाळ रडलं, मग अक्काच्या कुशीत शांत झालं. निघताना दोन बायांनी माझा नंबर मागितला. त्या दिवशी मी वॉर्डातली हिरो होते.

पहिले दोन महिने बाळ छान होतं. जन्मलेल्या कुठल्याही लेकराला आईच्या रक्तातून थोडं संरक्षण मिळालेलं असतं, ते काही महिने पुरतं, हे मला नंतर कळलं. तेव्हा वाटलं की यावेळी सगळं ठीक आहे. अक्का मशीन चालवायला लागली की ते रडणं थांबवायचं. पायडलचा आवाज सुरू झाला की डोळे मोठे करून ऐकायचं, आवाज थांबला की ओठ काढायचं. अक्का म्हणायची, "बाप मिलमधी, माय मशीनवर, हा मुकादम. थांबू देत न्हाई." तिने त्याच्यासाठी ब्लाऊजपीसच्या तुकड्यांची झबली शिवली होती. एकाला तर जरीचा काठ होता.

तिसऱ्या महिन्यात तोंडात पांढरं आलं. मग पातळ शी. मग खोकला, जो थांबेचना. टोचलेल्या जागेवर सगळ्यांनाच फोड येतो आणि सुकतो, त्याचा सुकला नाही. तिथे जखम झाली आणि काखेत लिंबाएवढी गाठ आली. अक्काने मला फोन केला. एवढंच म्हणाली, "तसंच होऊन राह्यलंय गं. पहिल्यावाणीच."

आम्ही त्याला मोठ्या शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलला नेलं. तिथले लहान मुलांचे डॉक्टर वयस्कर होते, सगळे त्यांना सर म्हणत. त्यांनी बाळाचं झबलं काढलं, दंड बघितला, काख चाचपली. मग रक्त घ्यायला सांगितलं. छातीचा फोटो काढला. दुसऱ्या दिवशी बाळाला एकट्याच्या खोलीत हलवलं आणि आम्हाला मास्क दिले. रक्ताचा एक नमुना जनुकं तपासायला दुसऱ्या शहरात गेला. तो अहवाल येईपर्यंत सर औषधं देत राहिले, पण त्यांना आधीच कळलेलं होतं, हे त्यांच्या तोंडावर दिसायचं.

अहवाल आला त्या दिवशी त्यांनी आम्हाला समोर बसवलं. अक्का, दाजी, माय, मी. सासूबाई आल्या नव्हत्या. सरांनी जे सांगितलं ते मी माझ्या भाषेत लिहिते, कारण अशा गोष्टी कुणी आपल्या भाषेत लिहीत नाही आणि मग आपली माणसं दुधाला दोष देत बसतात.

शरीरात जंतू शिरला की पेशी एकमेकींना निरोप धाडतात. त्या निरोपांना सायटोकाइन म्हणतात. निरोप घ्यायला पेशीच्या अंगावर एक जागा असते, तिला रिसेप्टर म्हणतात. निरोप पुष्कळ प्रकारचे, जागाही पुष्कळ. पण त्यातल्या सहा निरोपांच्या जागांमध्ये एक तुकडा सारखाच बसवलेला असतो. तो तुकडा कसा बनवायचा ते एका जनुकात लिहिलेलं असतं. त्या जनुकाचं नाव आयएल-टू-आर-जी. माझ्या भाच्याच्या अंगात ते जनुक बिघडलेलं होतं. म्हणजे एक तुकडा नाही, आणि सहाही निरोप वाया. दवंडीवाला गावभर फिरतोय, पण गावात कुणाला कानच नाहीत. त्यातला एक निरोप तर लढणाऱ्या पेशी वाढाव्यात यासाठीच असतो. तोच पोचला नाही, म्हणून त्या पेशी त्याच्यात झाल्याच नाहीत. सगळ्या जगाला साधा वाटणारा जंतू त्याच्यासाठी साधा नव्हता. टोचलेल्या लसीतला दुबळा जंतूसुद्धा.

इथे मी मोठ्या अक्षरात सांगते. लसीला नावं ठेवू नका. ती लस कोट्यवधी लेकरांना वाचवते आणि तुमच्या लेकराला ती द्यायलाच हवी. एखाद्याच घरी ती थांबवावी लागते. ते घर ओळखता यावं म्हणूनच त्या मॅडम विचारत होत्या.

"हे येतं कुठून?" दाजींनी विचारलं.

सरांनी कागद ओढला. म्हणाले, हे जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. बाईला एक्स दोन. एक बिघडलेला असला तरी दुसरा सांभाळून घेतो, म्हणून बाई ठणठणीत असते, तिला आयुष्यभर पत्ता लागत नाही. मुलाला एक्स एकच, आणि तो आईकडूनच मिळतो, बापाकडून कधीच नाही. आईचा बिघडलेला आला तर हा आजार, चांगला आला तर काहीच नाही. प्रत्येक मुलाच्या वेळी अर्धी-अर्धी शक्यता. "म्हणून आम्ही आईच्या माहेरचं विचारतो," सर म्हणाले. "मुलगे गेलेत का, असं."

मी खाली फरशीकडे बघितलं. मला कारण आता कळलं होतं. ते कारण मला चांगलं माहीत आहे असं मी वॉर्डभर ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं होतं.

सर कागदावर आमचं घराणं काढायला लागले. मुलगा म्हणजे चौकोन, मुलगी म्हणजे गोल. गेलेल्यावर तिरकी रेघ. मायचा गोल काढला. खाली अक्काचा गोल, माझा गोल. अक्काच्या खाली दोन चौकोन, पहिल्यावर रेघ. दुसरा त्यांनी पेनने भरून काढला, पण रेघ मारली नाही.

"एवढेच?" त्यांनी विचारलं.

माय खुर्चीच्या काठावर बसली होती. तिला लिहिता-वाचता येत नाही. ती कागदाकडे बघत राहिली. मग पुढे वाकली आणि तिने माझ्या आणि अक्काच्या गोलांमधली मोकळी जागा बोटाने दाबली.

"सायेब, ह्या दोघींच्या मधी एक डबा काढा."

सरांनी मान वर केली नाही. डबा काढला.

"रेघ मारा."

रेघ मारली.

"आता माह्या अंगाला," ती म्हणाली, "तीन काढा. दोन रेघंचे. एक तसाच ठिवा, तो माहा भाऊ, हाय जिता."

सरांनी काढलं. अक्का कागदाकडे बघत म्हणाली, "मला एक पाळणा आठवतो. मला वाटायचं, हिचाच व्हता."

सरांनी चष्मा काढला. "या आधी तुम्हाला हे कुणी विचारलं नव्हतं का?"

"विचारलं होतं," मी म्हटलं.

मग मीच विचारलं. जन्मल्याबरोबर कळलं असतं तर? त्यांना उत्तर द्यायचं नव्हतं, हे दिसत होतं. मी पुन्हा विचारलं. ते म्हणाले की लस थांबवली असती, बाळाला वेगळं ठेवलं असतं, आणि कसलाही संसर्ग व्हायच्या आत दुसऱ्याचा बोनमॅरो, म्हणजे हाडाच्या आतला रक्त बनवणारा मगज, दिला असता. वेळेत झालं तर अशी बरीच मुलं वाचतात. शाळेत जातात. आता आधी फुप्फुसातला संसर्ग आवरावा लागेल, मग बघू.

शाळेत जातात. हे दोन शब्द अक्काने जिना उतरताना दोनदा म्हटले.

मायला मी हॉस्पिटलच्या मागच्या पायऱ्यांवर गाठलं. आजूबाजूला डबे खाणारे लोक होते. मला कुणाची पर्वा नव्हती.

"खोटं का बोललीस?"

"बाळंतिणीपुढं गेल्याचं नाव काढू न्हाई. पाळण्यावर सावली पडती."

"हे तुला कुणी सांगितलं?"

"माह्या मायनं. तिला तिच्या मायनं. सगळ्याच करतेत. लेकरं किती म्हणून पुसलं त जेवढी जिती हायत तेवढीच सांगायची. गेल्याचं बोट मोडायचं न्हाई." मग ती म्हणाली, "आन ती उभी व्हती ना तिथं. अक्काची सासू. मी हो म्हणले असते त तिनं त्याच पायी पोरीला माहेरी धाडलं असतं. पहिलं गेलं तवाच ती मुहूर्त बघून राह्यली व्हती."

मला यावर बोलता आलं असतं. याच विषयावर माझं एक पत्रक आहे. बाईला आपल्या लेकीचा संसार टिकवायला आपलं मेलेलं पोर लपवावं लागतं, तो समाज कसला, वगैरे. तोंड उघडलं तेवढ्यात ती म्हणाली, "ती म्याडम पुन्हा पुसून राह्यली व्हती. माह्या तोंडावर आल्तं गं. निसतं अजून एकदा पुसलं असतं त मी बोलले असते. मंग तू मधी बोलली. किती झ्याक बोलली तू. मला वाटलं, बरं झालं, पोरीनं वाचवलं मला."

आमच्या शेताच्या बांधावर एक बोर आहे. लहानपणी मी तिचीच बोरं खायचे, ओचा भरून आणायचे. माय त्या झाडाचं एकही बोर तोंडात घालायची नाही. आंबट हायत, म्हणायची. ती आंबट नव्हती. लहान लेकरू गेलं की आमच्यात जाळत नाहीत, पुरतात. माझा भाऊ त्या बोरीखाली आहे. पाच महिन्यांचा होता. तोंडात पांढरं आल्तं, दूध ओढत नव्हता, हे तिने त्या पायऱ्यांवर सांगितलं, पंचवीस वर्षांत पहिल्यांदा. मी विचारलं नसतं तर त्याही दिवशी सांगितलं नसतं. त्याला हाक काय मारायची, ते तिने सांगितलं. इथे लिहीत नाही. ते तिचं आहे.

पुढचे पाच आठवडे आम्ही आळीपाळीने त्या एकट्याच्या खोलीत बसलो. बोनमॅरोसाठी अक्काचं रक्त तपासलं, दाजींचं तपासलं. अर्धं जुळलं, त्यावरही करता येतं म्हणाले, पण आधी संसर्ग उतरायला हवा. तो उतरत नव्हता. आम्ही सगळे मास्कमध्ये. सुरुवातीला बाळ अक्कालाही ओळखेना, रडायचं. मग त्याने डोळे ओळखायला शिकून घेतलं. अक्का दारातून आत आली की नुसते डोळे बघून हसायचं. नळी नाकात असताना हसायचं. अक्का मांडीवर हात आपटून मशीनच्या पायडलचा ताल धरायची, खट-खट, खट-खट, आणि ते कान देऊन ऐकायचं. एकदा नर्सबाईंनी विचारलं, हे काय चाललंय? अक्का म्हणाली, "मुकादम काम बघून राह्यला."

शनिवारी दुपारी, चहाची वेळ होती, दाजी खाली चहा आणायला गेले होते. ताल अक्काने आधी थांबवला की बाळाने आधी ऐकायचं थांबवलं, हे मी दाराच्या काचेतून बघत होते तरी मला सांगता येत नाही. सहा महिन्यांचा व्हायला चार दिवस कमी होते. दाजी चार कप घेऊन आले. ते कप हातात धरून ते तसेच उभे राहिले, कुणी घेतलेच नाहीत.

नंतर घरी काय झालं ते थोडक्यात लिहिते, कारण ते तुम्हाला माहीतच असेल. अक्काच्या सासूने अहवाल दोन माणसांकडून वाचून घेतला. "आमचं रगत साफ हाय," ती म्हणाली. "आता तर कागदच बोलला." मायला ज्याची भीती होती ते झालंच. तिच्या खोट्याने संसार वाचला नाही आणि पोरही वाचलं नाही. अक्का आमच्याकडे आली. दाजींनी निघताना विचारलं, "काय आणू?" ती म्हणाली, "मशीन आणून द्या." त्यांनी ते टेम्पोत घालून आणलं. सुटीच्या दिवशी ते येतात, मशीनशेजारी बसतात, ती शिवते. बोलणं फारसं नसतं. स्वतःच्या आईला ते काही बोलल्याचं मी अजून ऐकलं नाही. त्यांच्यावरही एक पत्रक होऊ शकतं, पण ते मी लिहिणार नाही, ते अक्काने ठरवायचं.

त्या जालन्याच्या मॅडमना मी भेटायला गेले. त्यांची बदली झाली होती. जे बोलायचं होतं ते कुणाला बोलू, म्हणून परत आले. मॅडम, तुम्ही हे वाचत असाल तर सांगते. तुम्ही बरोबर होतात. पुढच्या वेळी माझ्यासारखी कुणी मधे बोलली तर तिला गप्प बसवा आणि तिसऱ्यांदा विचारा. खोलीतल्या सगळ्यांना बाहेर काढा आणि मग विचारा.

माझंही रक्त तपासायला दिलं होतं. ते जनुक माझ्यातही आहे. हे सरळ लिहून टाकते, कारण हे लपवलं तर वरचं सगळं लिहिण्यात काही अर्थ नाही. हसनाबादहून एक स्थळ मला बघायला येणार होतं. मी स्वतः फोन करून सांगितलं. आधी म्हणाले, विचार करून कळवतो. मग आलेच नाहीत. माय दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "तू हुशार हायस. मला सांगता आलं न्हाई." तिच्या तोंडून ती माफी होती की टोमणा, मला कळलं नाही, आणि मी विचारलंही नाही. सगळंच विचारता येत नाही. पण गेलेल्या लेकरांचं विचारता येत होतं.

सरांनी काढलेला तो कागद अक्काने मागून घेतला होता. एक दिवस तिने ब्लाऊजचं माप काढायचा मोठा कागद जमिनीवर पसरला आणि खडूने सगळं उतरवून काढलं, चौकोन पट्टीने, गोल बांगडी ठेवून. शेवटच्या चौकोनावर तिने रेघ मारली नाही. तो कागद आठवडाभर भिंतीला तसाच होता, मशीनबरोबर आलेल्या माझ्या जुन्या पत्रकांच्या बाह्यांशेजारी. मग एका सकाळी मी उठले तर रेघ होती.

"हे छाप," ती म्हणाली. पायडल थांबवलं नाही.

"तुझं नाव?"

"माहं नको. त्याचं बी नको. निसते डबे छाप. लोकांना कळतीन. सगळ्यांच्या घरात हायत."

पाच चौकोन रेघेचे. दोन मायचे भाऊ, एक आमचा भाऊ, दोन अक्काचे मुलगे. पाचांपैकी शेवटचा वाचला असता. पहिले चार त्याला वाचवू शकत होते, पण त्यांना कुणी मोजलं नव्हतं.

आता तुम्ही. हे खाली ठेवलं की उठा आणि आपल्या आईकडे जा. आई नसेल तर मावशीकडे, आजीकडे. पाळण्यापुढे नको, सासरच्या माणसांपुढे नको, तिला एकटीला घेऊन बसा. "लेकरं किती?" असं विचारू नका, त्याला फक्त जिवंत असलेल्यांचं उत्तर मिळतं. "बाळंतपणं किती झाली?" असं विचारा. ती नाही म्हणाली तर गप्प बसून राहा. मधे बोलू नका. मग पुन्हा विचारा. तिच्या भावांचं विचारा, तिच्या आईच्या मुलांचं विचारा, कोण कितव्या महिन्यात गेलं आणि आधी काय झालं होतं ते विचारा. कागद घ्या, मुलासाठी चौकोन काढा, मुलीसाठी गोल, गेलेल्यावर रेघ मारा, आणि तुमच्या घरात पुढची जी कुणी बाळंतीण होणार आहे तिच्या फाईलला तो कागद आजच टाचून ठेवा.